योगीराज, बाहेर ये

१

दुपारचं जेवण झालं की मी लॅपटॉप उघडायचो. दीड ते चार. हा माझा क्लास. व्हिडिओतून शिकवणारा पोरगा इंदूरकडचा होता, हिंदीत बोलायचा, आणि पैसे घ्यायचा नाही. दर दोन मिनिटांनी "समझे ना?" विचारायचा. मी एकटाच खोलीत बसून मान हलवायचो.

त्याआधी पुण्यात सहा वर्षं गाड्यांचे पार्ट खोक्यात भरायचं काम केलं. कंपनी दुसरीकडं गेली, मी गावाकडं आलो. लोहारा तालुक्यातलं आमचं गाव, नाव घेऊन काय करायचं. घरी आई आणि मी. बापू दोन वर्षांमागं वारले. दहाव्याला सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, पोरगा आता रडेल, मग रडेल. मला रडू आलं नाही. आत बघितलं तर काहीच नव्हतं. तेव्हापासून मला तसंच आहे. त्रास काही नाही, भूक लागते, झोप येते.

रणधीर माझ्या वर्गातला, उमरग्यात त्याचा डीजे आहे. तो एक दिवस आला आणि म्हणाला, "योग्या, वाजवणारे गल्लोगल्ली हायत. आवाज बनवणारा एक न्हाय. तू शिक. दुसऱ्या कुण्या डीजेकडं नसंल असा बेस बनवून दे मला. काचा हलल्या पायजेत. मग धंद्यात आपण दोघं."

मी बरं म्हणालो. त्या दिवसांत कुणीही काहीही विचारलं तर मी बरंच म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी त्यानं टेंपोतून बेसची एक पेटी आणि अ‍ॅम्प्लिफायर आणून टाकला. पेटी एवढी मोठी की पुढच्या खोलीत आईची बाज मावेना. तशी ती बाज रिकामीच असायची. आई घरात झोपत नाही. अंगणात पत्र्याचं शेड आहे, तिथं झोपते. थंडी असो, पाऊस असो. बाज मग तिकडंच नेली.

२

पहिल्या धड्यात नुसती एक लहर होती. ना तिला रंग, ना धार. इंदूरवाला म्हणाला, सगळे आवाज इथून सुरू होतात. सेकंदाला चारशे चाळीस वेळा हलणारी लहर म्हणजे एक सूर. तिचा आकडा निम्मा केला की सूर तोच राहतो, फक्त एक मजला खाली उतरतो. समझे ना?

मी निम्मं करत गेलो. दोनशे वीस. एकशे दहा. पंचावन्नला आतल्या खोलीतले पितळी पेले फळीवर किणकिणायला लागले. साडेसत्तावीसला खिडकीची काच बोलायला लागली. रणधीरला हेच पाहिजे होतं, म्हणजे तिथं थांबायला हरकत नव्हती. पण हात चालू होता म्हणून मी अजून एकदा निम्मं केलं. पावणेचौदा. इंदूरवाला आधीच सांगून चुकला होता, विसाच्या खाली कानाला काही कळत नाही, तिकडं जाऊ नका, काही उपयोग नाही.

खरंच काही ऐकू आलं नाही. पेटीतल्या स्पीकरचा काळा कोन मात्र आतबाहेर हलत होता. मी समोर तळहात धरला तर वारा लागला.

तेवढ्यात आई उठली. ती आतल्या खोलीत सुपात तुरीची डाळ निवडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं, माझ्या समोरून चालत गेली आणि बाहेर पडली. चप्पल घातली नाही. मला वाटलं, शेजारी काही काम असेल.

बराच वेळ झाला तरी आली नाही म्हणून मी दारात गेलो. गल्लीच्या मधोमध आई बसली होती. समोरच्या घरातले सिद्धेश्वरकाका बसले होते. कोपऱ्यावरची चन्नम्मामावशी आणि अजून पाच-सहा जण. दोन्हीकडच्या भिंतींपासून सारखंच अंतर राखून, ओळीनं, उन्हात. एप्रिल चालू होता. फुफाटा असा की पाय टेकवत नव्हता.

"आई, हितं काय करायलीस?"

"आत लई उकडायलंय," ती म्हणाली.

काकांनी मान हलवली. "व्हय, आत लई उकडायलंय."

काकांच्या घरात कूलर चालू होता. मला तो ऐकू येत होता. त्यांचा मुलगा आणि सून आत टीव्ही बघत होते. बाहेर बसलेल्यांत चाळिशीच्या आतलं एकही माणूस नव्हतं.

मी आत येऊन लहर बंद केली. पाच मिनिटांत सगळे उठून आपापल्या घरी गेले. आई आली आणि पुन्हा डाळ निवडायला बसली. तिच्या तळव्यांना फोड आले होते, ते मला दुसऱ्या दिवशी दिसले.

३

आमच्या भागातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण तुम्ही कुठले आहात मला माहीत नाही. आमचं गाव आधी इथं नव्हतं. तीन किलोमीटरवर तेरणेच्या काठाला होतं. त्र्याण्णव सालच्या भूकंपात ते खाली बसलं. दगडमातीच्या भिंती आणि वर माळवदाची माती, त्यामुळं माणसं आतच राहिली. मग माळावर हे नवं गाव बांधून दिलं. सगळी घरं एकसारखी, दोन खोल्या, वर स्लॅब, दारावर नंबर. जुन्या गावठाणात आता बाभळी आहेत.

म्हणजे कोडं सुटलं, असं मी मला सांगितलं. ज्यांनी जमीन हललेली बघितली, त्यांच्या अंगाला ती खालची लहर कळते. कानाला नाही, अंगाला. नेटवर वाचलं तर तिथंही तसंच काहीतरी लिहिलं होतं, की इतक्या खालच्या लहरींनी माणूस बेचैन होतो. आपण शिकलेलं उपयोगी पडलं म्हणून मला थोडी ऐटच वाटली.

अजून एक गोष्ट सांगायची राहिली. माझा जन्म शहाण्णवचा. माझ्याआधी आईबापूंना एक मुलगा होता, तो त्या पहाटे गेला. पाच वर्षांचा होता. त्याचं नाव योगीराज. मी झालो तेव्हा तेच नाव मला ठेवलं. यात विशेष काही नाही, गावात खूप जणांनी तसं केलं. माझ्या वर्गात असे आम्ही नऊ जण होतो. गुरुजी हजेरी घ्यायचे आणि एखाद्या नावाला जरा थांबायचे. आम्हाला वाटायचं, चष्म्यामुळं.

गाव मला योग्या म्हणतं. बापू योगी म्हणायचे. आई मला आरं म्हणते, बाळ म्हणते, ऐकलास का म्हणते. फोन केला तर "म्या बोलायलेय" म्हणते. तिनं मला नावानं हाक मारलेली मी कधी ऐकलेली नाही. हे माझ्या पंधराव्या वर्षी लक्षात आलं. तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही. मग सोडून दिलं.

४

दुसऱ्या दिवशी मला बघायचं होतं की कालचं खरं होतं का. तीन वाजता पावणेचौदाची लहर लावली आणि आईच्या आधी मीच बाहेर जाऊन शेडच्या खांबाला टेकून उभा राहिलो.

आई आली. गल्लीत काका आणि मावशी आपापल्या दारातून येतच होते. आई उंबऱ्याबाहेर चार पावलं गेली, थांबली आणि घराकडं वळली. दार उघडं होतं. तिनं आत बघून हाक मारली.

"योगीराज, बाहेर ये रं. लवकर ये."

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो.

"आई, म्या हितंच हाय की."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. कुणीतरी आत चप्पल घालतंय आणि आपण दाराशी थांबलोय, तशी ती थांबली. मग हळूच गल्लीच्या मधोमध जाऊन बसली.

मला काय वाटलं ते सांगतो, लपवून काय करू. मला बरं वाटलं. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून ते नाव आलं होतं. किती नीट म्हणाली. योगी म्हणून जरा थांबली, राजवर आवाज उचलला, आणि शेवटचा ज तोंडातच ठेवला. हाक माझ्यासाठी नव्हती हे मला कळत होतं. तरी दोन वर्षांत पहिल्यांदा छातीत काहीतरी हललं. बरं वाटलं.

५

मग मी रोज तीनला लावायला लागलो.

मनाला सांगितलं की शिकतोय. आणि शिकतही होतो. त्या आठवड्यात धडा होता आवाजाच्या चालीचा. आवाज दबकत येतो का धाडकन येतो, किती वेळ टिकतो आणि बोट उचलल्यावर किती वेळ मागं रेंगाळतो. त्या शेवटच्या बटणाला रिलीज म्हणतात. नवीन पोरं सगळी चूक तिथंच करतात असं इंदूरवाला म्हणाला. रिलीज वाढवून ठेवतात, मग एक सूर संपायच्या आत दुसरा येतो आणि सगळा गाळ होतो.

मी येणं इतकं सावकाश ठेवलं की कधी सुरू झालं ते पेल्यांनाही कळू नये. आणि रिलीज पूर्ण वाढवला. आई जेवढा वेळ बाहेर राहील तेवढ्यात एखाद्या वेळी दुसऱ्यांदा हाक मारेल, एवढाच माझा हिशोब. कधी मारायची, कधी नाही.

रणधीरचा फोन आला. "झाला का बेस?"

"व्हायलाय."

"लवकर कर बाबा. लग्नं चालू झाली."

आईचे ओठ फुटले. चेहरा भाजल्यावाणी लाल झाला. सिद्धेश्वरकाका एका दुपारी बसल्या जागी कलंडले, त्यांना लोहाऱ्याला नेऊन सलाईन लावावं लागलं. त्यांची सून मला म्हणाली, "भावजी, ह्या म्हाताऱ्यांना काय झालंय? रोज उन्हात बसायलेत." मी म्हणालो, बघतो. मला लाज वाटायला पाहिजे होती. वाटली असावी, पण लांबून, दुसऱ्याच कुणाला तरी वाटावी तशी.

काका पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप उघडलाच नाही. अ‍ॅम्प्लिफायरची वायर भिंतीतून काढून गुंडाळून ठेवली. माझ्या बाजेवर पडून राहिलो. तीन वाजले.

आत पेले किणकिणले.

मी उठून पेटीच्या कोनावर तळहात ठेवला. कोन गार होता, हलत नव्हता. आई माझ्या समोरून बाहेर गेली. अंगणातून तिची हाक आली. "योगीराज, बाहेर ये रं."

मी विचार केला. रस्त्यावरून जड गाडी गेली असेल. माळाच्या पलीकडं खडीची खाण आहे, तिथं सुरुंग लावतात. रिलीज जास्त ठेवला होता, पण तो काल बंद केलेल्या यंत्रातला होता, तो आज कसा वाजेल? खाणच असेल. संध्याकाळी खाणीवरच्या गोरोबाला फोन केला. तो म्हणाला, काम आठ दिवसांपासून बंद आहे, मशीन दुरुस्तीला गेलंय.

जमिनीला हात लावून बघायचं माझ्या डोक्यात आलं होतं. मी लावला नाही.

६

चन्नम्मामावशी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. स्वतःचं घर सोडून ती कुणाच्याच स्लॅबखाली येत नाही. अंगणात उभी राहून म्हणाली, "योग्या, ती पेटी बंद कर."

"बंदच हाय मावशी. वायर काढून ठेवलीय, बघा."

तिनं दारातून वायरकडं बघितलं. मग शेडमध्ये आईच्या बाजेवर बसली. आई तेव्हा पिठाच्या गिरणीला गेली होती.

"तवा बी असंच हुतं," मावशी म्हणाली. "वर्षभर आदीपासनं जमीन गुरगुरायची. भांडी वाजायची. पयल्यांदा आमी सगळी भाईर पळायचो, लेकरंबाळं घिऊन. मैदानात झोपायचो. मग सवय झाली रं. किती दिस भाईर झोपायचं? गुरगुरलं तरी कूस बदलून पडून ऱ्हायाचो."

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी आमी न्हाय उठलो. तुजी आई तेवढी उठली. तुजा बाप शेतावर हुता. ती भाईर आली, अंगणात उभं ऱ्हाऊन पोराला हाक मारली. म्या शेजारच्या घरातनं ऐकायलेय की. पोरगं आतून 'आलो' म्हणालं. चप्पल हुडकत हुतं. नवीच हुती, उमरग्याच्या बाजारातनं आणल्याली. म्हणून ही आत गेली न्हाय. तिला वाटलं, यायलाय."

ही गोष्ट मला कुणी कधी सांगितली नव्हती. बापूंनीसुद्धा नाही.

"मग?"

"मग काय. मग तू झालास." मावशी उठली. जाता जाता वळून म्हणाली, "ती हाक मारती ती तुला न्हाय. कळतंय न्हवं?"

"कळतंय मावशी."

कळत होतंच. पण मावशी गेल्यावर मी तिथंच बसलो आणि माझ्या डोक्यात एक विचार आला. एखादं बिघडलेलं यंत्र बघताना येतो तसा, अगदी साधा. आई हाक मारते तेव्हा मी नेहमी बाहेर असतो. तिची हाक आत जाते. आतून ओ येत नाही, म्हणून ती थांबते, म्हणून उद्या पुन्हा मारते. मी आत असलो, "आलो" म्हणालो आणि तिच्यासमोर दारातून बाहेर आलो, तर ते संपेल. तिचं थांबणं संपेल. आणि मी बाहेर येताना ती माझ्याकडं बघत असेल.

हे दुसरं मी मनातसुद्धा हळू म्हणालो.

७

शुक्रवारी आमच्याकडं लाईनचं काम असतं, सकाळपासून लाईट नव्हती. हे मी मुद्दाम सांगतोय. गावात त्या दुपारी ना पंखा होता, ना कूलर, ना टीव्ही.

अडीच वाजता मी आतल्या खोलीत जाऊन ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीला पाठ लावून खाली बसलो. आई चुलीपाशी लसूण सोलत होती. मी तिथं का बसलोय हे तिनं विचारलं नाही. दोन खोल्यांच्या मधे दाराऐवजी पडदा आहे, आईच्या जुन्या लुगड्याचा. तो सोडलेला होता.

तीन वाजता पेले वाजले. आधी एक, मग सगळे. कोठीचा पत्रा माझ्या पाठीला लागून थरथरायला लागला.

आई उठली. पडदा सारून गेली. बांगड्या वाजल्या, पुढचं दार वाजलं. गल्लीत पावलं ऐकू यायला लागली, सिद्धेश्वरकाकांच्या काठीचा आवाज आला. आजारातून उठूनही ते आले होते.

"योगीराज, बाहेर ये रं."

शब्द कुठला म्हणायचा ते ठरलेलं होतं. एकच शब्द, त्यात अवघड काही नाही. मी तोंड उघडलं.

"आलो."

मी म्हणालो नव्हतो.

आवाज कोठीच्या पलीकडच्या बाजूनं आला. खालून, मी बसलो होतो त्या उंचीवरून. झोपेतून उठलेल्या लेकराचा, घोगरा. त्याला घाई नव्हती. मग फरशीवर चप्पल घासल्याचा आवाज झाला. एकच चप्पल. एक पाय घासायचा आणि दुसरा नुसता पडायचा. थोडं पुढं, मग मागं, मग पुन्हा पुढं. काहीतरी हुडकत असल्यावाणी.

मी मान वळवली नाही. मला भीती वाटली, आणि ती माझीच भीती होती, जवळची, पोटातली. मी समोर पडद्याकडं बघत राहिलो. पडद्याचा खालचा अर्धा भाग पुढं फुगला आणि परत आला. वरचा अर्धा भाग जागचा हलला नाही.

बाहेरून आईचा आवाज आला. "आलास? किती येळ लावलास."

मग ती कुणाला तरी म्हणाली, "सगळी आली भाईर. लावा कडी."

पुढचं दार ओढल्याचा आवाज आला. कडी पडली.

मी धडपडत पुढच्या खोलीत गेलो आणि दारावर हात मारला. "आई, म्या आत हाय. आई, दार उघड."

बाहेरून काकांनी विचारलं, "आत कोण हाय गं?"

"कुणी न्हाय," आई म्हणाली.

खिडकीतून मला ती दिसत होती. गल्लीच्या मधोमध बसली होती, पाय पसरून. उजव्या हातानं समोर काहीतरी झटकत होती. कपाळापासून मागं, कपाळापासून मागं, लेकराच्या डोक्यातली माती झटकतात तशी. हाताखाली कुणी नव्हतं. पण हात हवेत एका ठरावीक उंचीवर अडत होता आणि तिथून वळत होता. प्रत्येक वेळी तिच्या मांडीवर थोडी थोडी माती पडत होती. आमच्या माळावर मुरूम आहे, लाल. ती माती पांढरी होती. जुन्या गावठाणात असते ती.

चन्नम्मामावशी तिच्या बाजूला बसली होती. तिनं डोळे गच्च मिटून घेतले होते.

८

अर्ध्या तासानं काकांनी कडी काढली. "तू आत हुतास व्हय?" म्हणाले आणि माझ्या तोंडाकडं न बघता गेले. आईनं आत येऊन चहा ठेवला. मला कप दिला. त्यात साखर बरोबर होती.

त्या दिवशी तिनं शेडमधलं अंथरूण उचललं आणि घरात, आतल्या खोलीत, कोठीजवळ टाकलं. तीस वर्षांत पहिल्यांदा ती स्लॅबखाली झोपली. आता गाढ झोपते. अंगावर मांस आलंय, गाणी म्हणत भाकरी थापते. काका आईबद्दल म्हणतात, द्वारकाबाईला देव पावला. तीन वाजता आता काही वाजत नाही, कुणी बाहेर येत नाही.

मी ती फाईल पुसून टाकली. पेटी रणधीरला परत दिली.

"काय राव, न्हाय जमलं?" तो म्हणाला.

"न्हाय."

गेल्या आठवड्यात अंगणवाडीच्या शिवांजलीताई यादी करायला आल्या. आई दारात बसून उवांची फणी साफ करत होती. घरात उवा झालेलं कुणी नाही.

"मावशी, घरात माणसं किती?"

"तीन," आई म्हणाली.

ताईंनी जुन्या यादीकडं बघितलं. "नावं सांगा."

"द्वारकाबाई बब्रुवान. त्याच्याखाली योगीराज बब्रुवान."

"वय?"

"पाच सरलं. साव्वं लागलंय."

ताई हसल्या. म्हातारं माणूस, एकोणतीसचं पाच म्हणतं. त्यांनी गंमत म्हणून पेन माझ्याकडं केलं. "आन हे? ह्यांचं नाव?"

आईनं माझ्याकडं बघितलं. नीट बघितलं, बराच वेळ, मायेनं. मी त्या बघण्यासाठी काय काय केलं ते तुम्हाला सांगितलंच आहे.

"ह्येचं आजून ठिवायचं हाय," ती म्हणाली.

ताईंनी मला डोळ्यांनीच विचारलं. मी म्हणालो, "लिहा तुम्ही, जुन्या यादीत आहे ते." त्यांनी लिहिलं आणि पुढच्या घरी गेल्या.

आता आई दिवसातून वीसदा ते नाव घेते. अंघोळीला, चहाला, दिवा लावायला. संध्याकाळी तीन ताटं वाढते आणि चुलीपाशी बसून हाक मारते, योगीराज, जेवायला ये. मी उठत नाही. पुढच्या खोलीत बाजेवर बसून राहतो. आत फरशीवर चप्पल घासते, दोन्ही पायांत, एकामागून एक. ताट सरकल्याचा आवाज येतो. मग आई म्हणते, "आरं, तू बी ये." तेव्हा मी उठून आत जातो आणि उरलेल्या ताटावर बसतो.